योगिराज चांगदेव : कोऱ्या कागदापासून बोधापर्यंत

माघ वद्य पक्षात, महाशिवरात्रीच्या सुमारास, खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या दिंड्या तापीकाठची वाट धरतात. मुक्ताईचे दर्शन घ्यायचे आणि मग संगमावर चांगदेवाला जायचे, असा आमच्याकडचा परिपाठ आहे. मुक्ताईनगर तालुक्यात, ज्याला जुनी माणसे अजून एदलाबाद म्हणतात, तेथे चांगदेव या नावाचे गावच आहे. सातपुड्यातून निघून वऱ्हाड ओलांडून आलेली पूर्णा येथे तापीला मिळते. काठावर काळ्या दगडाचे, नक्षीकामाचे, प्राचीन देऊळ आहे. शिष्याच्या नावाचे गाव आणि गुरुमाउलीचे स्थान इतके जवळ जवळ, एका दिवसात पायी दोन्ही दर्शने होतात. मुक्ताईला आधी हात जोडावेत आणि चांगदेवाला नंतर, हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. लहान मुलालाही तो ठाऊक असतो.

आमचे फैजपूर म्हटले की लोकांना सन १९३६ चे काँग्रेसचे अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, त्याचा अभिमान आम्हालाही आहेच. पण आम्हा टाळकऱ्यांच्या लेखी फैजपूर हा मुक्ताईच्या मुलखातला एक गाव. आमच्या कीर्तनात मुक्ताई आणि चांगदेव आले नाहीत असा सप्ताह जात नाही. मीही हे आख्यान चाळीस वर्षे लावीत आलो. पाठशाळेत व्याकरण, न्याय आणि थोडा वेदान्त शिकलो होतो, त्यामुळे चांगदेव पासष्टी हातात आली की माझी वाणी जरा जास्तच मोकळी होई. एका गावच्या सप्ताहात तीन दिवस पासष्टीवर बोललो. त्रिपुटी, अधिष्ठान, विवर्त, सगळे सगळे सांगून झाले. काला झाला, लोक उठले. एक म्हातारी माउली, केळीच्या बागेत निंदणी करून पोट भरणारी, पायावर डोके ठेवून तिथेच बसून राहिली. तिने विचारले की महाराज, पत्र आले, वाचले, ते सगळे कळले. पण मग चांगदेवाने पुढे केले काय?

अहो, मला उत्तर देता आले नाही. मुक्ताईचे शिष्य झाले, एवढे सांगितले. ती म्हणाली की हो, ते झाले; पण त्याचं आत काय बदललं, हे कशावरून ओळखायचं? मी तिला काहीतरी संस्कृत सांगून वाटेला लावले आणि त्या रात्री मला झोप आली नाही. ईश्वराचे ज्ञान अंतरंगातल्या पालटातून होते, हे मी हजार वेळा बोललो होतो. तो पालट ज्याच्यात झाला त्याच्याकडे मात्र नीट पाहिले नव्हते. म्हणून हे चरित्र त्या प्रश्नाच्या दिशेने सांगतो आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण चांगदेव हे नाव त्या काळी पुष्कळांचे होते. महानुभाव पंथाचे पूज्य चांगदेव राऊळ हे वेगळे. आमच्याच खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा, शिलालेख आहे. त्यातले चांगदेव हे थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू, यादवराजा सिंघणाच्या पदरचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी तेथे मठ घातला. तेही वेगळे. आपले चांगदेव ते वटेश्वराचे चांगदेव, योगी, तापीतीरीचे. आता या नावाखाली एकाहून अधिक पुरुषांच्या कथा एकत्र झाल्या असतील, असे संशोधक म्हणतात. म्हणू देत. त्यांचे आयुष्य चौदाशे वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. हा आकडा शब्दशः घ्यावा की अनेक जन्मांच्या साधनेचा संकेत मानावा, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे. मी कीर्तनात चौदाशेच म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून जे कळायला हवे ते बरोबर कळते.

ही चौदाशे वर्षे जगले कसे, ते मात्र नीट ऐकण्यासारखे आहे. शंभर वर्षे भरत आली, मृत्यूची वेळ जवळ आली, की चांगदेव प्राण ब्रह्मरंध्रात चढवून समाधी लावीत. काळ यायचा, देहात प्राण सापडायचा नाही, तसाच परत जायचा. ती घटका टळली की योगी पुन्हा देहावर येत. याला काळवंचना म्हणतात. वंचना म्हणजे फसवणूक. दर शंभर वर्षांनी एकदा काळाला फसवायचे आणि पुन्हा शंभर वर्षांचा हिशेब सुरू. म्हणजे पाहा, ज्याला आपण मृत्युंजय म्हणू त्याच्या आयुष्याचा सगळा कारभार मृत्यूच्याच वेळापत्रकावर चालला होता! सावकार दारात येणार त्या दिवशी घराला कुलूप घालून शेतात जाऊन बसणारा ऋणको आणि हा योगी, यांत तत्त्वतः भेद किती? ऋण फिटलेले नव्हते, एवढे खरे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही कीर्तनकार मंडळी चांगदेवांना फार स्वस्तात हसण्यावारी नेतो. वाघावर बसून आलेला, सापाचा चाबूक केलेला म्हातारा रंगवला की मंडप हसतो, आणि मंडप हसला की बुवाही खूश होतात. मीही केले आहे. पण विचार करा. यम-नियमापासून समाधीपर्यंतची आठही अंगे ज्याने पचवली, प्राणावर ज्याची सत्ता चाले, तो सामान्य पुरुष नव्हे. ज्ञानोबाराय स्वतः नाथपंथाच्या घरातले. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून त्यांना ती विद्या आलेली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन ज्या बारकाईने आले आहे, ते योगाला हसणाऱ्याच्या लेखणीतून उतरणार नाही. तेव्हा चांगदेवांचा दोष योगात नव्हता. पतंजलींनी आपल्या तिसऱ्या पादात सिद्धी एकामागून एक सांगितल्या आणि तिथेच हेही बजावले की बहिर्मुख चित्ताला ज्या सिद्धी वाटतात, त्याच समाधीत अडथळे ठरतात. चांगदेवांनी हे सूत्र वाचले नसेल असे कसे म्हणावे? वाचले असेल, शिष्यांना शिकवलेही असेल. शिष्यही थोडेथोडके नव्हेत, तेही चौदाशे सांगतात. पण सूत्र दुसऱ्याला शिकवणे निराळे. हे मी स्वतःवरून सांगतो.

इकडे गोदातीरी वेगळेच घडत होते. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई गेल्यावर संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. तेथे रेड्यामुखी वेद झाले. पुढे नेवाशास शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० त, ज्ञानेश्वरी झाली. ही कीर्ती तापीकाठी पोचली. चौदाशे वर्षांच्या योग्याने ऐकले की एक कोवळा मुलगा आहे आणि त्याच्या सत्तेने पशू वेद बोलतो. मनात काय आले असेल? परंपरा भेटीची इच्छा म्हणते. मला वाटते, तिच्यात थोडा मत्सर, थोडे कुतूहल आणि खोल कुठेतरी एक भूकही असावी. नुसत्या मत्सराने माणूस इतका पुढे जात नाही.

आधी पत्र लिहून कळवावे असे ठरले. कागद पुढे घेतला, आणि पहिल्याच शब्दाला हात अडला. वयाने मोठे म्हणून आशीर्वाद लिहावा, तर तो मुलगा ज्ञानाने मोठा. नमस्कार लिहावा, तर वयाने आपण त्याच्या खापरपणजोबांचेही वडील शोभू. मायना सुचेना. शेवटी कोरा कागदच शिष्यांच्या हाती दिला आणि पाठवला.

आता येथे आम्हा पाठशाळेवाल्यांना एक गंमत दिसते. चांगदेवांच्या या पेचाचे उत्तर स्मृतीत आधीपासून दिलेले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अंगिरसाच्या मुलाची गोष्ट आहे. त्या बालकाने आपल्या वडिलांसमान वृद्धांना विद्या शिकवली आणि शिकवताना त्यांना बाळांनो असे संबोधले. वृद्धांना राग आला, ते देवांकडे गेले. देवांनी सांगितले की पोर बरोबर बोलले. जो जाणत नाही तोच बाळ, आणि जो मंत्र देतो तो पिता. म्हणजे शास्त्राचा निर्णय स्वच्छ होता. नमस्कारच लिहायचा होता. चौदाशे वर्षांच्या पंडिताला तो श्लोक येत नव्हता काय? येत असणार. पण येणारा श्लोक बोटापर्यंत उतरेना. अडचण माहितीची नव्हतीच. आत मी मोठा म्हणणारा एक बसला होता, आणि शास्त्र कितीही वाचले तरी तो आपली जागा सोडीत नव्हता. चांगदेवांचे मोठेपण असे की त्यांनी खोटा नमस्कार लिहिला नाही. लोकाचार म्हणून दोन गोड ओळी लिहून पाठवणे काही अवघड नव्हते. जे आत ठरलेले नाही ते कागदावरही आणले नाही. एवढा प्रामाणिकपणा होता, म्हणून तर पुढचे झाले.

कोरा कागद भावंडांच्या हाती पडला. मुक्ताई सर्वांत धाकटी, शके १२०१ चा जन्म, चौदा-पंधरा वर्षांची पोर. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि हसून म्हणाली की इतकी वर्षे तप करूनही योगिराज कोरेच राहिले. शब्द लागणारे होते. पण निवृत्तिनाथांनी त्यातून दुसरे काढले. कोऱ्या कागदावरच तर लिहिता येते, लिहून भरलेल्यावर काय लिहिणार? त्यांनी ज्ञानदेवांना आज्ञा केली की याला उत्तर लिही, असे लिही की त्याला स्वरूपाचा बोध व्हावा. मुक्ताईने दोष सांगितला, निवृत्तिनाथांनी त्याच दोषात जागा पाहिली. एका कागदाकडे दोघांची दृष्टी गेली आणि दोन्ही खऱ्या ठरल्या.

ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. हा ग्रंथ सप्ताहात पारायणापुरता पुस्तकात राहू नये असे मला फार वाटते. त्यातला भाव थोडक्यात सांगतो. हे जे जग दिसते ते परमात्म्याला झाकून बसलेले नाही आणि त्याला उघडे करून दाखवणारेही नाही. तोच जगाच्या रूपाने भासतो. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोने कमी झाले नाही. पाहणारा, पाहणे आणि पाहायची वस्तू अशी तीन खणांची पेटी आपण करतो; खण काढले तर आत एकच वस्तू आहे. मग चांगदेवांना उद्देशून लिहिले आहे की तुमच्या भेटीची ओढ आहे, पण भीतीही वाटते, की भेटायला गेलो तर आधीपासून असलेली भेट बिघडायची! मिठाच्या खड्याने पाण्याची खोली मोजायला आत शिरावे, तशी ही भेट. मोजणारा उरला तर ना माप सांगणार. डोळा सगळे पाहतो, पण आपल्याच डोळ्याला पाहायला गेला तर काय करील? आरसा आणला तर तोंड दिसते, नेला तर तोंड कुठे जात नाही.

या पत्रात चांगदेवांना एकदाही खाली ओढलेले नाही. तुम्ही गर्विष्ठ आहात, सिद्धी टाका, असे कुठे म्हटलेले नाही. उलट जो आपणहून तोच आहे त्याला तोच समजून लिहिले आहे. मला वाटते, चांगदेवांना तेच पचले नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना उत्तर देता आले असते. वाद घातला असता तर जिंकता आले असते. समोरच्याने तुमच्या-माझ्यात भेदच नाही म्हटल्यावर मोठेपणाने बसायचे कुठे?

पत्र त्यांना कळले नाही. परंपरा हे स्पष्ट सांगते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. शब्द कळले असतील, अन्वय लागला असेल. बोध झाला नाही. मग ज्याला जे येते ते तो काढतो. चांगदेवांनी सिद्धी काढली. वाघाला वाहन केले, सापाचा आसूड केला, शिष्यांचा मेळावा घेतला आणि आळंदीची वाट धरली. भावंडे तेव्हा एका पडक्या भिंतीवर बसली होती. योगिराज येत आहेत, सामोरे गेले पाहिजे, असे म्हणून ज्ञानदेवांनी भिंतीलाच चालायला सांगितले आणि ती चालू लागली. आळंदीला गेलेल्या प्रत्येक वारकऱ्याने ती भिंत पाहिली आहे. हात लावल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. वाघ आणि साप यांच्यात प्राण असतो, प्राणावर योग्याची सत्ता चालते. भिंतीत प्राण कुठला? जेथे आपल्या विद्येला धरायला जागाच नाही, तेथे हा मुलगा सहज बसला आहे, हे चांगदेवांनी पाहिले. ते वाघावरून खाली उतरले.

या उतरण्यावर मी आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतो. मंडपाला भिंत आवडते, पण चरित्राचा कणा या उतरण्यात आहे. चौदाशे वर्षे चढण्याचाच अभ्यास झालेला होता. प्राण चढवायचा, वृत्ती चढवायची, वाघावर चढायचे. जमिनीवर पाय ठेवून, हात जोडून, दोन पावले चालत कोणाकडे जाणे ही एकच क्रिया साधनेत आली नव्हती. ती त्या दिवशी झाली.

आणि आता पुढचा प्रश्न. भिंत चालवली ज्ञानदेवांनी, पत्र लिहिले ज्ञानदेवांनी. मग गुरू मुक्ताई कशी? चांगदेव ज्ञानदेवांना शरण गेले, आणि त्यांना बोध करण्याचे काम आले धाकट्या मुक्ताईकडे. कथा सांगणारे हे भराभर सांगून पुढे जातात. मला यात संतांची मोठी करुणा दिसते. ज्ञानदेवच गुरू झाले असते तर चांगदेवांना असे वाटण्याचा धोका होता की आपली सिद्धी लहान, याची सिद्धी मोठी, म्हणून आपण लवलो. म्हणजे लवूनही ते सिद्धीच्याच बाजारात राहिले असते, फक्त दुकान बदलले असते. मुक्ताईकडे भिंत नव्हती, वाघ नव्हता. होती ती चार लोकांचा स्वयंपाक करणारी, झोपडीत वाढलेली, अनाथ मुलगी. तिच्यापुढे बसायचे तर बोधाखेरीज दुसरे काही निमित्त उरत नव्हते. वय गेले, विद्या गेली, पुरुषपण गेले, शिष्यांचा मेळावा मागे राहिला. जे जे घेऊन ते मोठे होते ते एकही तिथे चालणारे नाणे नव्हते.

मुक्ताई लहान होती, पण तिची नजर फार तिखट होती. कुणाचे मडके कच्चे आणि कुणाचे पक्के, हे तिला दिसे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले, त्या प्रसंगी बोलणारी हीच. नामदेवांसारखा देवाचा लाडका रुसला, पण त्या बोलण्यामुळेच विसोबा खेचरांकडे गेला आणि पूर्ण झाला. खुद्द ज्ञानदेव लोकांच्या निंदेला विटून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा दाराबाहेर उभी राहून त्यांना समजावणारीही हीच. ताटीचे अभंग आमच्या घरोघर म्हटले जातात. थोरल्या भावाला ज्ञानी आहेस तर राग कशाला, असे विचारायची तिची छाती होती. अशा मुलीने चांगदेवांना पासष्टीचा अर्थ सांगितला. जो कागद ज्ञानदेवांनी लिहिला तो मुक्ताईने त्यांना वाचायला शिकवला. पत्र तेच, अक्षरे तीच. या वेळी वाचणारा बदलला होता.

मग त्या माउलीचा प्रश्न येतो. पुढे केले काय?

चांगदेवांनी वाङ्मयही मागे ठेवले असे मानतात. तत्त्वसार नावाचा ग्रंथ चांगा वटेश्वराच्या नावे आहे आणि हरिश्चंद्रगडावर त्यांच्या तपाची आठवण आजही सांगतात. पण ग्रंथ लिहिणे ही आत काही बदलल्याची खूण धरता येत नाही, नाही तर आम्ही सगळेच मुक्त झालो असतो. खूण दुसरीकडे आहे आणि ती इतकी समोर आहे की मला चाळीस वर्षे दिसली नाही.

गोदावरीच्या काठी पुणतांबे म्हणून क्षेत्र आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात, जो परवापर्यंत अहमदनगर म्हटला जाई. तेथे चांगदेवांची समाधी आहे. आपण सगळे दर्शन घेतो, बुक्का लावतो आणि पुढच्या गाडीला जातो. पण थांबून विचारा, ही समाधी कुणाची? काळ आला की प्राण लपवणाऱ्याची. चौदाशे वर्षांत चौदा वेळा ज्याने मृत्यूला दारातून परत पाठवले त्याची. त्याला ती विद्या शेवटी आठवत नव्हती काय? ती तर हाडात मुरलेली होती. पंधराव्या वेळीही कुलूप घालून बाहेर जाता आले असते. गेले नाहीत. घरीच बसले. ज्याला भ्यायचे तो आपल्यापासून वेगळा आहे असे वाटत होते तोवर फसवाफसवी होती. मुक्ताईने दुसरेपणच काढून घेतले, मग फसवायचे कुणी आणि कुणाला? देह ठेवायचा म्हणून धरला नाही आणि टाकायचा म्हणून झटकला नाही. वेळ आली तेव्हा तो ठेवला.

वेदान्तात देहतादात्म्य गेले असे आम्ही दोन शब्दांत म्हणतो. दोन शब्दांत ते काही कळत नाही. ज्याने आयुष्यभर एकच गोष्ट जपली, त्याने ती गोष्ट आपणहून खाली ठेवली, हे पाहिले म्हणजे कळते.

भावंडांचेही दिवस भरत आले होते. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, इसवी सन १२९६ मध्ये, ज्ञानोबाराय आळंदीला समाधिस्थ झाले. मागोमाग सोपानकाका सासवडला. उरली दोघे, निवृत्तिनाथ आणि मुक्ताई. चालत चालत ती तापीकाठी आली, याच आमच्या मुलखात. शके १२१९ च्या वैशाख वद्यात मेहुणजवळ अकस्मात आभाळ भरून आले, वारा सुटला, वीज कडाडली, आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. मागे ना देह, ना समाधीचे भुयार. निवृत्तिनाथ एकटे त्र्यंबकेश्वराकडे गेले. ज्ञानदेवांनी समाधी घेतली, चांगदेवांनी घेतली. हिने घेण्यासारखेही काही ठेवले नाही. अठरा वर्षांचे आयुष्य. शिष्य चौदाशे वर्षांचा आणि गुरू अठराची. आणि शिष्याच्या नावाचे गाव तिच्या स्थानाला लागून, नदीच्या वळणावर आजतागायत उभे आहे.

मुक्ताईची पालखी दर वर्षी ज्येष्ठात पंढरीला निघते. मानाच्या पालख्यांत फार लांबून येणाऱ्यांपैकी ही एक; महिन्याहून अधिक चाल आहे. वैशाख-ज्येष्ठाचे खानदेशातले ऊन ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. पायाला फोड येतात, डांबर तळव्याला चिकटते. त्या पालखीत मी दोनदा थोडी वाट चाललो. एरवी गाडीने पुढे जाऊन मुक्कामी कीर्तनाला उभा राहत आलो. वयाचे कारण सांगता येते. पण वय आज झाले, सवय पंचवीस वर्षांची आहे.

त्या गावी पुढल्या वर्षी पुन्हा सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनात मी पासष्टी सोडली आणि पुणतांब्याची समाधी धरली. वर लिहिले तेच साध्या बोलीत सांगितले. हसवले नाही. माणसे जरा गप्पच बसली होती. ती माउली पुढच्या रांगेत होती. आरती झाल्यावर मी आपण होऊन तिच्याजवळ गेलो आणि विचारले की आजीबाई, उत्तर मिळालं का. तिने पदराने तोंड पुसले, मान हलवली, आणि म्हणाली की शिवरात्रीला आमची दिंडी चांगदेवाला पायी जाते, महाराजांनी यावं. गाडी नको, एवढे मात्र तिने आवर्जून सांगितले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मंडळींनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी मोटार आणून उभी केली होती. हार होता, पुढची जागा होती. मी बसलोही. गावाबाहेर वडापाशी दिंडी दिसली, ती माउली डोक्यावर तुळस घेऊन तिसऱ्या ओळीत चालत होती. ड्रायव्हरला थांबवले, चपला गाडीतच ठेवल्या आणि खाली उतरलो. कुणीतरी टाळ हातात दिले. संगमावर पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आधी मुक्ताईला हात जोडले होते. मग चांगदेवाच्या देवळात गेलो तेव्हा आत अंधार होता, आणि पूर्णेकडून गार वारा येत होता.